पुढच्या वर्षीच्या हातांसाठी टॅब

हे सगळं मी डाव्या हाताच्या मधल्या बोटाने लिहिते आहे. उजवा हात मांडीवर पडून असतो. बोलणं बंद झालं आहे. जेवण पोटातल्या नळीतून जातं. डोकं मात्र शाबूत आहे, आणि या आजारात बहुतेकांचं ते शाबूत राहतं, असं डॉक्टर मला दिलासा म्हणून सांगतात. तो दिलासा आहे की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

लिहायचं कारण असं, की मला बोलायच्या वेगवेगळ्या वाटा शिकवणाऱ्या वैदेही मॅडमनी परवा विचारलं, "प्रमिलाताई, एक नवीन कुटुंब आलंय. बाईंना नुकतंच कळलंय. नवरा सारखा एकच विचारतो, कुठला टॅब घेऊ? तुम्ही त्यांना चार ओळी लिहून द्याल का?"

चार ओळी लिहायला बसले आणि हे झालं. कंपनीचं नाव मी सांगणार नाही. मॉडेलं बदलत राहतात, आजार बदलत नाही. मी काय केलं, काय चुकलं, तेवढं सांगते.

फोनवरच्या तक्रारी

जासईच्या एका कंटेनर यार्डात मी गेटच्या ऑफिसात कामाला होते. न्हावा शेवा बंदरातून आलेल्या ट्रेलरनी कुठल्या रांगेत लागायचं, कुणाचे कागद अडलेत, कुणी परत फिरायचं, हे फोनवर आणि वॉकीटॉकीवर सांगायचं. दिवसभर तोंड चालू. ड्रायव्हर सगळ्या देशातले, आणि मी प्रत्येकाशी त्याच्या भाषेच्या जवळपासचं काहीतरी बोलायचे. आवाज असा होता, की वॉकीटॉकी नसला तरी पलीकडच्या शेडमध्ये ऐकू जाईल, असं सगळे चिडवायचे.

सुरुवात माझ्या नावापासूनच झाली. 'प्रमिला बोलतेय' म्हणताना 'प्र' तोंडात चिकटून बसायचा. वाटलं, दाताचं काहीतरी असेल. एक दाढ दुखत होतीच, ती काढली. 'प्र' काही सुटला नाही. मग 'ट्रेलर' जड झाला, मग 'कस्टम'. संध्याकाळी जीभ अशी दमून जायची, जशी डोक्यावर ओझं वाहून मान दमते.

एक दिवस आमच्या साहेबांनी आत बोलावलं. चांगला माणूस. माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताई, राग मानू नका. ड्रायव्हर लोकांची तक्रार आलीय."

"कसली?"

"ते म्हणतात, मॅडम दुपारची घेऊन बोलतात."

मी हसले. आणि हसू थांबेचना. डोळ्यांतून पाणी आलं, पोट दुखायला लागलं, तरी मी हसतेच आहे. साहेबांचा चेहरा उतरला. मला आतून अजिबात हसू येत नव्हतं. तेव्हा पहिल्यांदा मला खरी भीती वाटली.

निदान

दातांचा डॉक्टर, मग घशाचा, मग मेंदूचा. सुया घालून स्नायूंची तपासणी झाली, तीत जिभेलाही सुई टोचतात. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. दुखतं, पण संपतं.

निकालाच्या दिवशी माझा नवरा महेश बरोबर होता. तो बंदरात क्रेनच्या विजेची दुरुस्ती करतो. बिघाड सापडला, की दुरुस्ती होते, हे त्याचं आयुष्यभराचं गणित. डॉक्टरांनी आपली खुर्ची टेबलाच्या या बाजूला ओढून घेतली. ती खुर्ची सरकली तेव्हाच मला कळलं. टेबलामागून सांगता येण्यासारखं काही नव्हतं.

त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, मोटर न्यूरॉन डिसीज. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा एकेक करून मरत जातात. तुमच्यात सुरुवात जिभेपासून, घशापासून झाली आहे. पुढे हात, पाय. पुढे श्वास.

महेशने विचारलं, "किती टक्के बरी होईल?"

"औषधाने वेग थोडा कमी होतो. बऱ्या होणार नाहीत."

आणि मला परत हसू फुटलं. तिथे, त्या खोलीत. महेशने माझा दंड इतका घट्ट धरला, की वळ उठला. डॉक्टर म्हणाले, "हसू देत त्यांना. हाही आजाराचाच भाग आहे. रडूही असंच येईल." तुमच्या माणसाचं असं होत असेल, तर त्याच्यावर रागावू नका. त्याला ते आवरता येत नाही.

परतताना महेश गाडी चालवत होता. जिथे वळायचं तो पळस्पे फाटा मागे पडला तरी त्याच्या ध्यानात आलं नाही. बरंच पुढे गेल्यावर त्याने गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि म्हणाला, "आईंना इतक्यात सांगायचं नाही. घशाला सूज आहे म्हणायचं."

माझी आई जासईला माझ्या भावाकडे असते. मी मान हलवली. त्या दिवशी तरी मला कुणालाच काही सांगायचं नव्हतं.

पहिला टॅब

वैदेही मॅडम माझ्यापेक्षा वयाने पुष्कळ लहान. पहिल्याच भेटीत त्यांनी गोड काही बोलायचं टाळलं. "आवाज आहे तोवर टॅब घ्या. वापरायची सवय व्हायला वेळ लागतो. आणि घेताना आजचे हात बघू नका. पुढच्या वर्षीचे हात बघा."

महेश उठून उभा राहिला. "बोलतेय ना ती अजून? तुम्हाला कळतंय ना?"

"मला कळतंय. माझं कामच ते आहे. दुकानदाराला कळतं का?"

घरी आल्यावर आमचं वाजलं. "टॅब आणला म्हणजे आपण मान्य केलं," तो म्हणाला. मी म्हटलं, तू मान्य केलं नाहीस म्हणून माझी जीभ ऐकणार आहे का? पण हे वाक्य त्याला कळेना. "काय?" त्याने विचारलं. मी परत म्हटलं. "काय म्हणालीस?" तिसऱ्यांदा म्हणेपर्यंत त्यातला राग निघून गेला होता. साधं भांडणसुद्धा आम्हाला धड करता येईना. आम्ही दोघं दोन खोल्यांत जाऊन बसलो.

काही दिवसांनी पाळीवरून येताना तो स्वतःच टॅब घेऊन आला. छोटा, पातळ, चकचकीत. "तुझ्या पर्समध्ये मावेल," तो म्हणाला. मला तेव्हाच कळलं. पर्स खांद्याला अडकवून कामाला निघणारी जी प्रमिला होती, तिच्यासाठी त्याने तो आणला होता.

त्याने आणला हेच खूप होतं. पण तो टॅब मला पहिल्या आठवड्यातच पुरेनासा झाला. अक्षरं बारीक, बोट एकावर ठेवलं की शेजारचं उमटे. आणि लाळ. हे कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते. गिळणं मंदावलं की लाळ ओठांतून गळते. ती काचेवर पडली, की टॅबला वाटतं बोटच लागलंय, मग तो भलतंच काही उघडतो. एका हातात रुमाल, दुसऱ्या हातात टॅब, मग लिहायचं कशाने?

आणि मग आई आली.

घशाच्या सुजेला बरा म्हणून तिने शेतातला दुधी आणला होता, माझ्यासाठी सुकट आणली होती. आईला वाचता येत नाही आणि कानानेही कमी ऐकू येतं. म्हणजे लिहून दाखवायची वाट बंद. माझं बोलणं एव्हाना घरच्यांनाच अर्धंमुर्धं कळत होतं. मी टॅबवर लिहिलं, आई, तुझा गुडघा कसा आहे? आणि बटण दाबलं.

टॅबमधून एका बाईचा आवाज आला. स्वच्छ, शुद्ध, बातम्या देतात तसा. आई मागे वळून स्वयंपाकघराकडे बघायला लागली.

"कोन आलीय गो? ही कोन बाय बोलतेय?"

माझी मुलगी ऋचा म्हणाली, "आजी, आईच बोलतेय. तिने लिहिलं ते टॅब वाचतो."

"माझी पोर अशी नाय बोलत." आईने टॅब माझ्या हातातून काढून बाजूला ठेवला आणि माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. "तू बोल. कसं पन बोल. मना कलतंय."

मी बोलले. तिला काही कळलं नाही. ती "हां, हां" म्हणत राहिली.

ऋचा तिला रिक्षापर्यंत सोडायला खाली गेली. रिक्षात बसायच्या आधी आईने तिला विचारलं, "खरं सांग. काय झालंय माझ्या पोरीला?" ऋचा फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने सांगून टाकलं. आई जासईला गेली, आणि दुसऱ्या दिवशी कपड्यांची पिशवी घेऊन आली ती राहायलाच.

वॉर्ड

वरणभाताचा एक घास चुकीच्या वाटेने गेला. खोकून खोकून मी निळी पडले असं ऋचा म्हणते. फुप्फुसात संसर्ग झाला आणि हॉस्पिटलात भरती झाले.

वॉर्डात दिवस आवाजांनी ओळखता येतो. सकाळी मावशींच्या बादलीचा, मग नाश्त्याच्या गाडीचा, मग डॉक्टरांच्या राउंडचा. मधूनमधून घशातला कफ ओढायच्या मशीनचा. तो आवाज आला की माझ्या शेजारच्या आजी डोळे मिटून घेत, त्यांचा नंबर नसला तरी.

राउंडच्या वेळी डॉक्टर पलंगापाशी थांबले. वजन फार उतरलं आहे, तोंडाने भरवणं धोक्याचं होत चाललंय, पोटात नळी बसवू या, श्वास चांगला आहे तोवर बसवलेली बरी, असं त्यांनी सांगितलं. सगळं माझ्याबद्दल. बघत मात्र होते महेशकडे. "काय करायचं?"

महेश म्हणाला, "आत्ता नको. घरी सांभाळून भरवू आम्ही."

मला नळी हवी होती. सांगायला लाज वाटते, पण मला सारखी भूक लागत होती. ताट समोर आलं की धडकी भरायची. प्रत्येक घासाला वाटायचं, हाच का तो? कपभर चहा प्यायला मी इतका वेळ घ्यायचे, की तो गार व्हायचा, आणि आई तो गरम करून परत आणायची. मला त्या सगळ्यातून सुटायचं होतं.

तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. मी टॅब ओढला, लिहिलं, बटण दाबलं. आवाज आला नाही. ती मराठी बोलणारी बाई इंटरनेटवरून यायची, आणि वॉर्डात नेटवर्क जेमतेम होतं. पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहिलं. मग ती बोलली, पण त्या चिमुकल्या स्पीकरमधला आवाज मशीनच्या घरघरीत माझा मलाच ऐकू आला नाही. डॉक्टर पुढच्या पलंगाकडे वळले होते.

मी टॅब पलंगाच्या लोखंडी कठड्यावर आपटला. एकदा, दोनदा, जोरात. काच तडकली.

सिस्टर धावत आल्या. त्यांना वाटलं श्वास अडकला. मी पडदा त्यांच्यासमोर धरला. केरळच्या होत्या, मराठी वाचायला त्यांना थोडं जड जायचं. एकेक अक्षर लावत, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी वाचलं, "म-ला न-ळी ह-वी आहे. म-ला भूक ला-ग-ते."

डॉक्टर परत आले. या वेळी माझ्याकडे बघून बोलले.

महेश खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. संध्याकाळी पलंगाशेजारी स्टुलावर बसून म्हणाला, "मला वाटलं तुला नको असेल. तुला इंजेक्शनसुद्धा आवडत नाही."

मी त्याच्याकडे बघितलं.

"विचारायला पाहिजे होतं," तो म्हणाला. मग त्याने टॅबच्या तडकलेल्या काचेवर चिकटपट्टी लावली, बोट कापू नये म्हणून.

दुकानात

दुसरा टॅब घ्यायला मी आणि ऋचा गेलो. तुमच्यातला जो आजारी आहे, त्याला बरोबर घेऊनच जा. जमत असेल तोवर.

पनवेलच्या बाजारात भर रस्त्यावर ते दुकान आहे. आम्ही मुद्दाम गर्दीच्या वेळी गेलो, कारण शांत दुकानात कुठलाही स्पीकर मोठाच वाटतो. सेल्समन तरुण, तरतरीत. तो ऋचाशी बोलायला लागला. "मॅडमना कशासाठी हवाय? सिनेमा बघायला?"

ऋचाने माझ्याकडे बोट दाखवलं. "त्यांनाच विचारा. उत्तर यायला वेळ लागेल, थांबा."

मी जुन्या टॅबवर लिहीत होते. तेवढ्यात त्याने एक काळा टॅब पुढे केला. "हा बघा मॅडम, गेमिंगसाठी एकदम बेस्ट." आणि मला हसू फुटलं. ते थांबेना, आणि मग ते रडण्यात बदललं, सगळ्या दुकानादेखत. लोक वळून बघायला लागले. सेल्समन पांढराफटक. ऋचाने माझ्या तोंडाला रुमाल लावला आणि शांतपणे म्हणाली, "आजाराचा भाग आहे. थांबेल आपोआप. तुम्ही पुढचा दाखवा." एकोणीस वर्षांच्या मुलीला हे इतक्या सहज बोलता येतं, याचं मला कौतुक वाटलं, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं.

मी टॅब मांडीवर ठेवून बघितले, नुसते हातात धरून नाही. हातात फार दिवस राहणार नव्हताच तो. म्हणून वजनापेक्षा मोठा पडदा महत्त्वाचा ठरला, एकेक बटण वहीच्या चौकोनाएवढं नव्हे, बिस्किटाएवढं दिसेल असा. खुर्चीला आणि पलंगाला अडकवायचा, मान वाकवता येणारा स्टँड त्या टॅबला बसतो का, आणि स्टँडवर असताना चार्जिंगची वायर लागते का, हे लावून बघितलं. एका देखण्या टॅबचं चार्जिंगचं भोक नेमकं स्टँडच्या पकडीखाली जात होतं. तो गेला. समोरचा कॅमेरा लांब बाजूच्या मधोमध हवा, म्हणजे टॅब आडवा ठेवला की तो सरळ तोंडासमोर येतो. बोटं गेल्यावर डोळ्यांनी टॅब चालवायची सोय असते, तिला तो लागतो. हे मी लिहून विचारलं, तेव्हा सेल्समनने उत्तर द्यायच्या आधी माझ्या बोटांकडे बघितलं.

काचेवर चकाकणारी नाही, तर मंद, जरा खरखरीत फिल्म लावून घेतली. ओल्या फडक्याने पुसता येते आणि पलंगावर पडलं तरी त्यात दिव्याची तिरीप दिसत नाही. मग ऋचाने मराठी आवाज टॅबमध्येच उतरवून घेतला, इंटरनेट बंद केलं आणि मला म्हणाली, "आता बोल." मी लिहिलं. ती दुकानाबाहेर रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिली. मध्ये रिक्षा, टेम्पो, भाजीवाले. मी बटण दाबलं.

तिने पलीकडून हात वर केला.

लिहिलं होतं ते एवढंच, "ऋचा, घरी चल, मी दमले."

आवाज साठवणं

हे ज्यांना लवकर कळेल त्यांनी लवकर करा. मला उशीर झाला. टॅबमध्ये आपण आपल्या आवाजातली वाक्यं भरून ठेवू शकतो, एकेका बटणामागे एकेक. बटण दाबलं, की ती बाई बोलत नाही, आपण बोलतो.

माझी जीभ सकाळीच थोडी ताजी असायची. ऋचा कपाटाची दारं उघडी टाकायची, म्हणजे कपड्यांमुळे आवाज घुमत नाही, खिडकीला गोधडी लावायची. तरी महामार्गावरचे ट्रेलर ऐकू यायचेच. कधी एका वाक्यात सकाळ संपायची. 'लाईट बंद कर.' 'पाठ खाजवतेय.' 'मान सरळ कर.' मग ऋचा म्हणाली, "आता माझ्यावर ओरड. मी उशिरा उठल्यावर ओरडतेस तशी." ओरडताना मला दम लागला, पण ते वाक्य मात्र सगळ्यांत स्वच्छ आलं.

आईसाठीची वाक्यं मी जासईच्या बोलीत भरली, तिच्याशी बोलते तशी. "आये, जेवलीस काय गो?" "गोली घेतलीस?" "मना नाय दुकत." ऋचा ऐकत राहिली. तिच्याशी मी कधी त्या बोलीत बोललेच नव्हते.

आईला दाखवलं तेव्हा ती चटईवर बसून शेंगा सोलत होती. मी बटण दाबलं. माझा आवाज, जड, ओढल्यासारखा, पण माझा. "आये, जेवलीस काय गो?"

आईचे हात थांबले. "जेवले ना," ती टॅबला म्हणाली. मग माझ्याकडे बघून परत म्हणाली, "जेवले. तुझी नली भरली काय?"

त्या दिवसापासून ती टॅबशी भांडतेसुद्धा. पण बटणामागे जेवढं भरलंय तेवढंच निघतं. एकदा तेल लावता लावता तिने विचारलं, "बरी कवा व्हशील गो?" त्याचं बटण नव्हतं. लिहिता आलं असतं. पण मग ते उत्तर त्या दुसऱ्या बाईने दिलं असतं. आई तेल लावत राहिली.

शेवटची दोन बटणं

हे सगळं चालू असताना महेश घरात थांबायचा नाही. रेकॉर्डिंगची तयारी दिसली, की चप्पल घालून खाली जायचा. गाडी पुसायचा, सोसायटीच्या पंपात डोकं घालायचा. मी त्याच्यासाठी चार वाक्यं भरली होती, ती त्याने कधी ऐकली नाहीत.

एका रविवारी ऋचा आणि आई बाजारात गेल्या होत्या. माझा आवाज तेव्हा जवळजवळ संपला होता, नुसता श्वास आणि त्यात कुठे कुठे एखादा स्वर. महेश आत आला. त्याने खिडकीला गोधडी लावली, कपाटाची दारं उघडली. म्हणजे त्याला सगळं माहीत होतं.

टॅब घेऊन तो एकेक पान बघत गेला. मग म्हणाला, "सगळं आहे यात. लाईट आहे, पाठ आहे, जेवलीस काय आहे. 'हो' आणि 'नको' कुठे आहे?"

मी त्या बाईच्या बटणाकडे बोट केलं. ते ती म्हणेल.

"नाही." तो माझ्यासमोर पलंगावर बसला. "पुढच्या वेळी श्वासाच्या मशीनचं विचारतील. गळ्याला भोक पाडायचं का, मशीनवर ठेवायचं का. तेव्हा पण डॉक्टर माझ्याकडेच बघणार. वॉर्डात तुला न विचारता मी बोललो, तसं परत होईल. मला कळत नाही मी काय बोलेन. त्या बाईने सांगितलं तर मला सही करता येणार नाही, प्रमिला. ती तू नाहीस. मला तुझ्या आवाजात पाहिजे."

मी लिहिलं. त्याने वाकून वाचलं, बटण मी दाबलं नाही.

'आणि मी नको म्हटलं तर?'

त्याने उठून खिडकीवरच्या गोधडीचं सुटलेलं टोक खोचलं. "म्हणून तर भरायचं," तो म्हणाला.

'हो' सोपं गेलं. तो नुसता श्वासच असतो. पहिल्याच वेळी आलं.

'नको' मधला 'क' येईना. जीभ मागे उचलली जात नव्हती. 'नओ' असं यायचं. "परत," महेश म्हणाला. परत म्हटलं. त्याने ते ऐकून बघितलं, मान हलवली. "हे घाबरून म्हटल्यासारखं येतंय. घाबरून म्हटलंस तर मी ऐकणार नाही, तुला माहितीय."

मग त्याने माझ्या हनुवटीखाली तळहात दिला, वैदेही मॅडमनी दाखवला होता तसा, आणि जबडा वर धरला. मी त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि सगळा श्वास एकवटून म्हटलं, "नको."

'क' आला. मागे एका ट्रेलरचा हॉर्नही आला.

त्याने ते दोनदा ऐकलं. "हॉर्न आलाय. परत घ्यायचं?"

मी मान हलवली. परत जमलं नसतं.

"असू दे," तो म्हणाला. "हे ऐकेन मी."

मग त्याने बटणं पहिल्या पानावर आणली. 'हो' चं बटण हिरवं केलं आणि बोटाने ओढून मोठं केलं, खूप मोठं. 'नको' चं त्याच्या शेजारी बारीकसं राहिलं. तो त्याच्याकडे बघत बसला. खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा टीं टीं आवाज येत होता. तो आवाज थांबला. मग महेशने 'नको' च्या बटणावर बोट ठेवलं आणि तेही ओढून तेवढंच मोठं केलं.